धार कोणाची, नाव कोणाचं?

माघ सरता सरता राजापूर तालुक्याच्या किनारपट्टीत कलमांच्या बागा जाग्या होतात. आंबोळगड, नाटे, जैतापूर, आडिवरे, कशेळी या भागात मोहोराला कणी धरलेली असते. बागेत झापांची नाहीतर पत्र्याची खोपटी उभी राहते आणि नेपाळहून आलेला राखणदार तिच्यात आपला संसार मांडतो. वानरं हाकायची, रात्री बॅटरी मारत फेरी घालायची, फवारणीला हात लावायचा, बाग बेणायची, आंबा तयार झाला की झेल्यानं उतरवायचा आणि पेट्या भरायच्या. मिरगाचा पाऊस लागायच्या आत त्याला गावी पोचायचं असतं, कारण तिकडे त्याची भातलावणी खोळंबलेली असते. साखरीनाट्याच्या बंदरात त्याचेच भाऊबंद होड्यांवर खलाशी असतात. पावसाळी बंदी उठून १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की तेही परत येतात. रत्नागिरी जिल्ह्यात अशी माणसं हजारोंनी आहेत. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. महाकाली नदी ओलांडून बनबसाला यायचं, नाहीतर धनगढीकडून सीमेवर उतरायचं, आणि रेल्वेनं कोकण गाठायचं.

गावात या सगळ्यांना सरसकट गुरखा म्हणतात, आणि गुरखा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुकरी, म्हणजे नेपाळीतली खुकुरी येते. वाकडं पातं, काळं म्यान, पलटणीच्या टोपीवरचा बिल्ला. प्रत्यक्षात बागेतल्या राखणदाराच्या कमरेला असते ती राजापूरच्या बाजारात घेतलेली कोयती. आडिवऱ्याजवळच्या एका बागेत भेटलेले राखणदार अछाम जिल्ह्यातले, पन्नाशी ओलांडलेले. मालकांना ते ‘काका’ म्हणतात, मालकांची मुलं त्यांना ‘दाजू’ म्हणजे दादा म्हणून हाक मारतात. खुकुरीचा विषय काढल्यावर ते हिंदी-मराठीच्या मिसळीत म्हणाले, “आहे ना घरी, बाबांची. इथे कशाला आणू? इथलं झाड इथल्या कोयतीनं तोडायचं.”

त्यांच्या या बोलण्यात खुकुरीचा खरा इतिहास आहे. जगभर ती शूरांचं शस्त्र म्हणून विकली जाते, जुनी खुकुरी लिलावात मोठ्या मोलानं जाते, तिच्याभोवती रक्ताच्या कथा रचल्या जातात. पण ती आधी डोंगरातल्या शेतकऱ्याचं अवजार आहे. ती घडवणाऱ्या आणि राबवणाऱ्या हातांना बाजूला ठेवून केलेलं तिचं कौतुक अपुरं आहे, असं मला ठामपणे वाटतं. कोकणच्या माणसाला हे पटकन उमगावं, कारण आपलंही निम्मं आयुष्य कोयत्याच्या धारेवर चालत आलं आहे.

फांदी तोडणारं पातं

ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विल्यम कर्कपॅट्रिक १७९३ मध्ये नेपाळात गेला. त्याचं प्रवासवर्णन १८११ मध्ये छापलं गेलं. खुकुरीचं वर्णन करणाऱ्या पहिल्या युरोपीय नोंदींपैकी ही एक. कर्कपॅट्रिक लिहितो ते लढाईविषयी नाही. प्रत्येक नेपाळी माणसाजवळ हे पातं असतं, लहान झाडं तोडायला आणि फांद्या साळायला ते मुख्यतः वापरतात, आणि झुडपांतून वाट काढताना त्याचा आपल्यालाही फार उपयोग झाला, असं तो सांगतो. अजून इंग्रज आणि गोरखे यांचं मोठं युद्ध झालेलं नव्हतं. त्यामुळे शौर्याच्या कथेचा रंग चढण्याआधीची खुकुरी या नोंदीत दिसते.

आपल्याकडे तरव्यासाठी भाजावळ करायची तर आधी कवळ तोडावा लागतो. उन्हाळ्याआधी माणूस कोयता घेऊन झाडावर चढतो आणि फांद्या उतरवतो. नेपाळच्या डोंगरात गुरांच्या वैरणीसाठी हेच काम वर्षभर चालतं. त्यासाठी तिकडे खुर्पा नावाचं आकड्यासारखं वळलेलं पातं आहे. ते ठेवायला कमरेमागे बांधलेला एक लाकडी ठोकळा असतो, त्याला खुर्पेटो म्हणतात. आपल्याकडे कोयती अडकवायची लाकडी आकडी कमरेच्या दोरीला बांधतात, तिचाच हा जुळा भाऊ. दोन्हींचं कारण एक: झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, आणि फांदीवर बसल्यावर पाठीमागे हात नेताच पातं मुठीत यायला हवं.

नेपाळी स्वयंपाकघरातही असंच ओळखीचं काही सापडतं. चुलेसी म्हणजे पायाखाली दाबून वापरायचं उभं, वाकडं पातं. तिच्यावर बाई भाजी चिरते, मांस कापते. जुन्या चुलेस्या पितळेत ओतलेल्या असतात, पक्ष्याच्या नाहीतर जनावराच्या आकाराच्या, आणि त्यांच्या अंगातून पातं निघालेलं असतं. आज त्या संग्राहकांच्या कपाटात गेल्या आहेत. आपल्या आजीची विळी पाहिलेल्या माणसाला चुलेसी समजावून सांगावी लागत नाही.

खुकुरी या सगळ्या घरगुती पात्यांची थोरली बहीण. लाकूड फोडणं, बांबू ताशीव करणं, कोंबडं-बकरं कापणं, वाट साफ करणं, अशी सगळी कामं एकाच पात्यानं करायची म्हणून तिला तो आकार आला. साधारण कामाची खुकुरी ४० ते ४५ सेंटिमीटर लांब आणि अर्धा ते पाऊण किलो वजनाची असते. पातं मुठीपासून निघून पुढे खाली झुकतं, आणि झुकल्यानंतर त्याचं पोट रुंद होतं. वजन पुढे गेल्यामुळे मनगट हलकं ठेवूनही घाव खोल बसतो. कुऱ्हाडीचा भार आणि सुरीची धार एकाच पात्यात आणायची ही युक्ती आहे.

हातात घेऊन पाहावी अशी

जुनी खुकुरी हातात आली तर आधी म्यान नीट धरावं. म्यान दोन लाकडी फळ्यांचं, वरून म्हशीच्या चामड्यानं मढवलेलं. जुन्या म्यानाची धारेकडची शिवण झिजलेली असते आणि खुकुरी ओढताना पातं तिथून बाहेर येऊन बोटं कापू शकतं. म्हणून बोटं पात्याच्या पाठीच्या बाजूलाच ठेवायची. नेपाळात लहान मुलाला खुकुरी हाताळायला शिकवताना ही गोष्ट आधी शिकवतात.

म्यानाच्या मागे दोन लहान खणांत दोन छोटी पाती असतात. कर्द म्हणजे बारीक कामाची सुरी. चकमक मात्र बोथट असते. तिनं धारेवरून घासून धार सरळ करतात, आणि गारगोटीवर आपटून ठिणगी पाडतात. जंगलात रात्र काढणाऱ्या माणसाला तोडायचं, सोलायचं आणि विस्तव पेटवायचं साहित्य एकाच म्यानात मिळावं, अशी ही रचना आहे.

मूठ म्हशीच्या शिंगाची नाहीतर शिसवाची. पात्याची निमुळती शेपटी मुठीत जाते आणि ती लाखेनं पक्की बसवतात. तिला तिकडे लाहा म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनलेल्या अनेक खुकुऱ्यांत मात्र पातं मुठीच्या टोकापर्यंत सपाट गेलेलं असतं आणि दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या रिव्हेटनं ठोकलेल्या असतात. जुनी खुकुरी कोणत्या काळातली हे ओळखायला मूठ पाहणं हा पहिला धडा.

धार संपून मूठ सुरू होते तिथे पात्याला एक खाच असते, तिला कौडा म्हणतात. कोणी तिला गाईचं खूर समजतं, कोणी शंकराचं त्रिशूळ. रक्त मुठीवर ओघळू नये म्हणून ती आहे असंही सांगतात. धार लावताना दगड कुठे थांबवायचा तेही तिच्यावरून कळतं. श्रद्धा आणि उपयोग दोन्ही तिच्यात इतके मिसळले आहेत की एकाला काढून दुसरं ठेवता येत नाही. मात्र म्यानातून काढली की खुकुरीला रक्त दाखवावंच लागतं, ही गोष्ट खोटी आहे. ज्या पात्यानं रोज सकाळी कांदा चिरतात आणि संध्याकाळी जळण फोडतात, त्याला दर वेळी रक्त कुठून दाखवणार?

आकारांनाही नावं आहेत. सिरु गवताच्या पात्यासारखी लांब, निमुळती ती सिरुपाते. पूर्वेच्या भोजपूर जिल्ह्याच्या नावाची, जड आणि रुंद ती भोजपुरे. पाठीशी खोल पन्हळ असलेली ती अंगखोला. तिथलं लोखंड कमी केल्यानं पातं हलकं होतं आणि मजबुती तशीच राहते. चांदीच्या नक्षीचं म्यान असलेली कोथीमोरा मानाची भेट म्हणून दिली जाते. गोरखा पलटणींत निवृत्तीच्या वेळी ती देण्याची प्रथा आहे.

आरनातला कामी

हे सगळं घडवतो तो कामी. कामीच्या लोहारशाळेला नेपाळीत आरन म्हणतात. पूर्वी लोखंड तिथल्याच डोंगरातलं असे. रामेछाप जिल्ह्यातलं ठोसे लोखंडासाठी आणि हत्यारांसाठी प्रसिद्ध होतं. आज बहुतेक कामी ट्रकच्या कमानीचा पाटा वापरतात. आपला कोयत्याचा लोहारही तोच वापरतो. पाटा तापवायचा, तुकडा तोडायचा, घणाखाली वाकवायचा, पुन्हा तापवायचा. भाता ओढणारा एक, घण मारणारा दुसरा, सांडशीत पातं फिरवणारा तिसरा. घाव कुठे पडायचा ते सांडशी धरणारा हातोडीच्या इशाऱ्यानं सांगतो.

पाणी देण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. पातं अख्खं पाण्यात बुडवत नाहीत. लाल तापलेलं पातं आडवं धरून कामी किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार फक्त कडेवरून सोडतो, पोटाकडे थोडा जास्त वेळ. रंग बदलताना डोळे पात्यावर, हात किटलीवर. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ, शेपटी नरम राहतात. कडक धार फांदी कापते, नरम पाठ घावाचा धक्का सोसते. सगळं पातं सारखंच कडक केलं तर पहिल्याच सुक्या गाठीवर ते तडकेल. हा हिशोब कामीनं कागदावर मांडलेला नसतो, तो बापाच्या शेजारी बसून डोळ्यांनी शिकलेला असतो.

आणि याच माणसाला नेपाळच्या समाजानं शिवू दिलं नाही. जंगबहादूर राणाच्या राजवटीत १८५४ मध्ये मुलुकी ऐन हा कायदा आला. त्यानं कामी, सार्की, दमाई अशा जातींना सर्वांत खालच्या पायरीवर बसवलं. त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, आणि स्पर्श झाला तर अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावं लागे. खुकुरी घडवणारा कामी आणि तिचं म्यान शिवणारा सार्की दोघंही त्या पायरीवर. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐननं जातिभेदाचा कायद्यातला आधार काढला. २०११ मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा झाला. पण डोंगरातल्या गावांत कायदा उशिरा पोचतो. २०११ च्या जनगणनेत कामींची संख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. आज त्यांतले अनेक जण विश्वकर्मा हे आडनाव लावतात.

मोबदल्याची रीतही आपल्याला अपरिचित नाही. वर्षभर यजमानाची अवजारं शेवटायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. पूर्व आणि मध्य नेपाळात याला बालीघरे म्हणतात, सुदूर पश्चिमेला खलो. आपल्या बलुत्यात लोहाराला जे पेंढ्यांचं आणि पायलीचं माप मिळे, तसंच ते. माप कोणाच्या हातात आहे यावर लोहाराचं वर्ष ठरत असे. तिकडेही तसंच, इकडेही तसंच.

पलटण, सिलेखाना आणि बाजार

काठमांडूच्या छाउनीतल्या राष्ट्रीय संग्रहालयात जुन्या खुकुऱ्या मांडल्या आहेत. १५५९ मध्ये गोरख्याच्या गादीवर आलेल्या द्रव्य शाहच्या नावाची खुकुरी जुन्यात जुनी मानली जाते. त्याच घराण्यातल्या पृथ्वीनारायण शाहनं १७६८ मध्ये काठमांडू घेतलं आणि छोट्या राज्यांचं एक नेपाळ केलं. १८१४ मध्ये कंपनीशी युद्ध जुंपलं. देहरादूनजवळ नालापानीच्या खलंगा किल्ल्यावर बलभद्र कुंवरनं कंपनीच्या फौजेला महिनाभर अडवलं. कंपनीचा सेनापती जिलेस्पी ३१ ऑक्टोबर १८१४ ला तिथेच पडला. ज्यांच्याशी लढलो त्यांनाच पगारावर घ्यावं, हे कंपनीनं लगेच ओळखलं आणि १८१५ पासून गोरख्यांच्या पलटणी उभ्या राहिल्या. युद्ध मिटवणारा सुगौलीचा तह १८१६ मध्ये अमलात आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि आपलं कोकणही त्याच कंपनीच्या ताब्यात गेलं. सतराव्या शतकात राजापूरला वखार घालून व्यापार करणारी ती हीच कंपनी.

पुढे मराठा आणि गोरखा एकाच सैन्यात लढले. इटलीच्या आघाडीवर आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये दोन्ही पलटणी होत्या. १९४४ मध्ये त्याच आघाडीवर माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच वर्षी, त्याच आघाडीवर शेरबहादूर थापा आणि थमन गुरुंग यांनाही मरणोत्तर तोच सन्मान मिळाला. १९४७ च्या करारानं दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आणि चार ब्रिटनकडे गेल्या. १९४८ मध्ये अकरावी गोरखा रायफल्स नव्यानं उभी राहिली. २०२२ मध्ये लष्करभरतीची अग्निपथ योजना आली, नेपाळ सरकारनं तिला संमती दिली नाही, आणि तेव्हापासून नेपाळमधली ही भरती अडली आहे.

पलटणींत मुख्यतः मगर, गुरुंग, राई, लिंबू या समाजांची माणसं गेली. राजापूरच्या बागांत दिसणारा राखणदार बहुधा सुदूर पश्चिमेचा, अछाम, बाजुरा, कैलालीकडचा. त्याच्या घरी पेन्शन नाही, पदक नाही. त्याच्यासाठी पलटणीची जागा हापूसच्या बागेनं आणि होडीनं घेतली आहे. २०२० च्या टाळेबंदीत हंगाम ऐन भरात असताना अशी कितीतरी माणसं घरापासून दूर अडकून पडली होती.

लष्करी खुकुरीचं मोल मात्र चढत गेलं. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, राणांच्या काळातली हत्यारं वर्षानुवर्षं पडून होती. २००३ मध्ये नेपाळनं हा साठा अमेरिकेतल्या दोन व्यापारी कंपन्यांना विकला. चारशे टनांच्या वर असलेल्या त्या मालात बंदुका, तोफा आणि हजारो जुन्या खुकुऱ्या होत्या. तेलाच्या आणि धुळीच्या थराखाली गंजलेली ती पाती साफ होऊन जगभरच्या संग्राहकांकडे गेली. त्यांतल्या अनेकांच्या पाठीवर ठोकलेली अक्षरं आहेत: पलटणीचं संक्षिप्त नाव, आकडा. ही अक्षरं देवनागरी आहेत. अमेरिकी संग्राहक ज्यांचा अर्थ लावायला धडपडतो ती अक्षरं राजापूरच्या शाळेतलं चौथीतलं पोर वाचू शकतं.

त्या पाठीवर पलटण आहे, आकडा आहे, कधी राणाचं नाव आहे. ज्यानं किटलीची धार सोडून ते पातं घडवलं त्याचं नाव बहुतेक वेळा नाही. दीडशे वर्षांनीही जे पातं लवचीक आहे, ज्याची धार दगडावर दोनदा फिरवली की परत येते, त्याचा कर्ता निनावी राहिला. मला हा अन्याय वाटतो, आणि तो भरून काढणं अजूनही आपल्या हातात आहे.

खंडेनवमी आणि दशैं

आश्विनात राजापूर तालुक्यात आडिवऱ्याच्या महाकालीचा उत्सव होतो. घरोघरी घट बसतात, रुजवण वाढते. नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, कोयता, विळा, नांगराचा फाळ, करवत, गाडी यांची पूजा होते. नेपाळात याच दिवसांत दशैं असतो. जव रुजत घालतात, त्या अंकुरांना जमरा म्हणतात. नवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते, दशमीला थोरांच्या हातून कपाळावर टीका आणि डोक्यावर जमरा. गोरखा पलटणींची रणगर्जनाही महाकालीच्या नावाची आहे. वर्षभर कोकणातच राहणारी नेपाळी कुटुंबं आपल्या खोलीत जमरा रुजवतात. खिडकीत ठेवलेल्या डब्यातले ते पिवळे अंकुर पाहून शेजारची बाई ‘तुमचाही घट का?’ म्हणून विचारते, आणि ओळख तिथूनच वाढते.

लग्न-बाळंतपणातही पातं सोबत असतं. नेपाळात अनेक समाजांत नवरदेव कमरेला खुकुरी लावतो. वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून ती उशाखाली ठेवतात. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा नाहीतर कोयता ठेवत. लोखंडाच्या धारेनं भय दूर राहतं हा विश्वास सह्याद्रीतही आहे आणि हिमालयातही.

भारतीय कायद्यानंही खुकुरीचा शस्त्र आणि अवजार असा दुहेरी जन्म नोंदवला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली १९६२ मध्ये जे नियम झाले, त्यांत कृपाण आणि खुकुरी यांची नावं घेऊन सांगितलं होतं की ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रात मोडतं. पण घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली होती. खुकुरीचा मोठा भाग शेतीच्या बाजूला पडतो, हे कर्कपॅट्रिकच्या नोंदीपासून आजच्या राखणदारापर्यंत सगळे सांगतात.

कोकणात फौजेतून निवृत्त झालेल्या माणसांची घरं खूप आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या भिंतीवर जुनी खुकुरी टांगलेली असते. तिची काळजी घ्यावी. कोकणच्या पावसाळ्यात ती म्यानात ठेवू नये, चामडं ओल धरतं आणि पात्याला गंज चढतो. तेलाचं बोट फिरवून सुती कापडात वेगळी ठेवावी. घासून चकचकीत करू नये, कारण पाठीवरची अक्षरं आणि घणाचे घाव हाच तिचा दाखला असतो. नातवंडांना लढाईची गोष्ट जरूर सांगावी, आणि तिच्यासोबत कामीचीही सांगावी.

आपल्या लोहाराचंही तेच. यंत्रावर कापलेला स्वस्त कोयता बाजारात आला आहे. गावोगावच्या लोहारशाळा बंद पडत आहेत. झाडावर चढणाऱ्याच्या हाताचं माप घेऊन मूठ बसवणारा लोहार अजून भेटतो, पण त्याचा मुलगा भात्याशी बसत नाही. त्याचं कसब कोणी लिहून ठेवलेलं नाही, चित्रित केलेलं नाही. राजापूरच्या बारसूच्या सड्यावरच्या कातळशिल्पांची नोंद व्हावी म्हणून आपली तरुण मंडळी उन्हातान्हात राबली आणि जगाचं लक्ष वेधून घेतलं. त्याच तळमळीनं लोहाराचं नाव, त्याची अवजारं, त्याचं पाणी देण्याचं तंत्र नोंदवायला हवं. संग्रहालयात पात्याखाली पलटणीचं नाव लिहिताना घडवणाऱ्याचं गाव आणि समाज लिहायला हवा. आणि बागेत हंगामभर आपलं उत्पन्न राखणाऱ्या माणसाला गुरखा किंवा बहादूर म्हणण्याऐवजी त्याचं नाव विचारायला हवं, त्याच्या मजुरीचा चोख हिशोब हंगाम संपताच हातात द्यायला हवा. खुकुरीचा मान राखायची हीच रीत आहे. ती घडवणाऱ्याला आणि राबवणाऱ्याला मान मिळाला, तर पात्याला वेगळा द्यायला नको.